दगड वेचलेलं रान

माझ्या बापाला सरकारनं डोंगराची कूस दिली. भूमिहीनांना जमीन वाटायची होती, ती वाटली. कसली वाटली हे विचारायची पद्धत आपल्याकडं नाही. निर्ण्याच्या अलीकडं आमचं गाव, गावाच्या उशाला माळ, आणि माळाच्या उताराला गायरान. तिथं गाईसुद्धा दुसरीकडं काही मिळालं नाही तरच चढायच्या. शहात्तर साली त्या गायरानातले चार एकर ज्ञानोबाच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, नावावर झाले.

त्याच्या चार वर्षं आधी, बाहत्तरच्या दुष्काळात, याच उताराच्या पायथ्याला माझ्या आईबापांनी रस्त्याची खडी फोडली होती. कागद हातात आला तेव्हा आई म्हणाली, "तवा फोडायला दगड दिले, आता संबाळायला दिलेत." माझ्या आईला, भागाबाईला, बोलायला कुणी शिकवावं लागत नव्हतं. तोच गुण माझ्यात उतरला, म्हणून तर मी जनवाड्याला नांदायला गेले आणि दीड वर्षात पत्र्याची पेटी घेऊन परत आले. सासू म्हणाली, विमलच्या तोंडाला कुलूप नाही. खरं आहे. पण त्यामुळं पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं.

त्या जमिनीचा स्वभाव आधी सांगते. वर वितभर तांबडी माती, तिच्यात निम्मा मुरूम, खाली जांभा. आणि सगळ्यांच्या वर दगड. मुठीएवढे, नारळाएवढे, काही बसायला घ्यावेत एवढे. पाऊस पडला की पाणी दगडाच्या कडेनं आत शिरायचं आणि खालून निघून जायचं. सकाळी झोडपून पडला तरी दुपारी पायाला चिखल लागायचा नाही. उताराच्या पायथ्याला अंकुशरावांची काळी जमीन लागायची. ती पाणी धरायची, चिखल धरायची, आठ दिवस माणसाला आत पाऊल टाकू द्यायची नाही. गावाच्या लेखी तीच जमीन. वरच्याला माळ म्हणायचे.

बाप वयाच्या बाराव्या वर्षापासून, दुष्काळाचं साल सोडलं तर, अंकुशरावांच्या घरी सालगडी. आमच्याकडं पाडव्याला साल सुरू होतं आणि पाडव्यालाच संपतं. त्या दिवशी गड्यानं मालकाच्या दारात जाऊन उभं राहायचं, मालकानं 'ठेवतो' म्हणायचं. माझ्या बापाला जमिनीतून काय पाहिजे होतं, तर एवढंच, की पाडव्याला त्या दारात परत उभं राहायला लागू नये. पीक किती येईल, पैसा किती होईल, हे तो कधी बोलला नाही. त्या दाराचं मात्र बोलायचा.

सत्त्याहत्तरच्या पाडव्याला तो गेला. मालकाचे कासरे आणि विळा परत द्यायचे होते, ते माझ्या हातात होते.

"अंकुशराव, औंदा साल धरत न्हाई," बाप म्हणाला.

इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा 'मालक' म्हटलं नव्हतं. ते दोघांच्याही ध्यानात आलं. अंकुशराव चिडले नाहीत. चिडणारा माणूस परवडतो.

"बरं हाय की," ते म्हणाले. "सोताचं रान करायलास, चांगलं झालं. दार उघडंच हाय ज्ञानोबा. कवा बी ये."

पहिल्या वर्षी त्या दगडात तिफण चालेना. मग आम्ही तिघांनी दगडांच्या सांदीत खुरप्यानं टोकून तूर लावली, मधून मधून हुलगा टाकला. अंकुशरावांच्या बायको राजूबाई खालच्या बांधावर यायच्या, कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या. "भागाबाई, पेरायलीस का गोट्या खेळायलीस?" म्हणायच्या. आई म्हणायची, "दगडापेक्षा वीट मऊ, अक्का. तुमच्या रानात वाकण्यापरीस हितं वाकलेलं बरं." म्हण बरोबर बसली का नाही कोण जाणे, पण राजूबाई पदर सावरून माघारी गेल्या.

त्या वर्षी पाऊस थांबायलाच तयार नव्हता. काळ्या रानांत पाणी साचलं. मूग शेंगेतच कुजला, तूर उबळून काळी पडली, अंकुशरावांचा मोठा तुकडा पार पिवळा झाला. आणि वर, आमच्या माळावर, तूर हिरवीगार. पाणी यायचं आणि निघून जायचं, मुळाला काही बसायचं नाही. हुलग्यानं तर दगड झाकून टाकले. गाव बघायला आलं. ज्यांनी वर्षभर आम्हांला 'दगडाचे जमीनदार' म्हटलं तेच शेंगा हातात घेऊन चोळून बघायला लागले. बाप डोक्याचा पटका रोज नवीन बांधल्यासारखा बांधायचा.

उन्हाळा लागला तसे एका सकाळी अंकुशराव स्वतः वर आले. आईनं तीन दगडांवर आमच्यापुरता चहा ठेवला होता. बापानं भीत भीत विचारलं, "च्या घेता का?"

"दे की," म्हणून ते आमच्याच एका दगडावर बसले. आमच्या कपातून चहा प्यायले. पिण्याआधी कप पुसलासुद्धा नाही. अंकुशरावांच्या घरी माझ्या बापानं जन्मभर चहा प्यायला तो गोठ्याच्या वळचणीला ठेवलेल्या कान तुटलेल्या कपातून, आणि पिऊन झाला की स्वतः धुऊन परत तिथंच ठेवलेला. त्या माणसानं आमच्याकडं चहा प्यायला याचं आम्हांला काय वाटलं, ते आता सांगायलाही लाज वाटते. आईनं तो कप घरी आणला आणि फळीवर एकटा ठेवला. वेगळा कप शेवटी आमच्याही घरी झाला, फक्त उलट्या कारणानं.

चहा पिता पिता अंकुशराव रानाकडं बघत होते. "ज्ञानोबा, एवढं दगडात आलं. दगड काढल्यावर काय येईल, इचार कर."

बाप म्हणाला, "इचार तर हाय. पर टाकावं कुठं येवढं?"

"मला पायजेत. खाली वगळ माझं रान खायलाय. तितं दगडाची ताल घालावी म्हणतो. गाड्या म्या धाडतो, वेचून तुमी ठिवा."

वगळ म्हणजे ओघळ. आमच्या उताराचं पाणी ज्या वाटेनं खाली उतरायचं ती वाट. तिच्या तोंडाशी, त्यांच्या हद्दीत, त्यांना आडवा बांध घालायचा होता. माणसाला दगड पाहिजेत, आम्हांला नकोत, त्यात वाईट कुणाला काय दिसणार? उलट अंकुशरावांच्या गाड्या आमच्या रानात येणार, हेच आम्हांला मोठं वाटलं.

त्यांनी सांगितलं म्हणून आम्ही दगड वेचले असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या मनात ते आधीपासून होतं. बापाची नजर काळ्या रानात तयार झालेली. तिथं सुपारीएवढा खडा दिसला तरी वाकून उचलायचा आणि बांधापलीकडं फेकायचा, हेच त्यानं लहानपणापासून केलेलं. चांगलं रान म्हणजे स्वच्छ रान. माळाची जमीन वेगळी, तिचं चांगलं-वाईट वेगळं, हे त्याला कोण सांगणार? आमच्या आळीत त्याआधी कुणाच्या नावावर जमीनच नव्हती.

आणि आईचं तर विचारूच नका. छप्पननंतर आमच्या आळीनं बौद्ध धम्म घेतला, मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं. त्या दिवसापासून आईनं घर असं ठेवलं की कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये. भांडी घासून उन्हात लावायची, अंगण रोज सारवायचं, आणि दारातल्या फरशीवर पाय धुतल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही, मग तो नवरा का असेना. 'घाण' हा शब्द पुन्हा आपल्या दारात येऊ द्यायचा नाही, असा तिचा हट्ट होता. लोक आता रान बघायला यायला लागले होते, आणि रान दगडांनी भरलेलं.

"लोकं बगून जायलेत," ती म्हणायची. "आपलं रान कसं दिसायलंय? उकिरड्यावानी."

मग सगळा वैशाख आम्ही दगड वेचले. खालचा थर उपटायला पहार लागायची. ऊन असं की दगडाला हात लागला की चटका बसायचा, पण तोच दगड उलटला की खाली गार. ओलसर काळसर डाग, त्यात गवताची पांढरी मुळं, एखादा विंचू. तो डाग आमच्या डोळ्यांदेखत वाळून तांबडा व्हायचा.

मी म्हणाले, "आई, दगडाखाली वल हाय बग."

"व्हय की," आई म्हणाली. "ह्ये दगडंच पिऊन बसायलेत सगळी वल. म्हणून तर उन्हाळ्यात काय येत न्हाई."

बापानं मान हलवली. मीही हलवली. तिघांतल्या एकालाही वाटलं नाही की दगड ओल पीत नसेल, राखत असेल.

गाड्या येत गेल्या, भरून जात गेल्या. खाली वगळाच्या तोंडाशी ताल चढत गेली, कमरेएवढी, मग छातीएवढी. वरचं रान मोकळं होत गेलं. शेवटचा दगड गेला त्या संध्याकाळी आई अनवाणी पायांनी या बांधापासून त्या बांधापर्यंत चालत गेली आणि चालत परत आली. पायाला काही टोचलं नाही. "सारवल्यावानी झालं बग," ती म्हणाली. खरोखरच झालं होतं. इतकं सुंदर रान त्या माळावर कुणी बघितलं नव्हतं.

बापानं भाड्यानं बैल आणले आणि पहिल्यांदा स्वतःच्या जमिनीत तिफण धरली. ओळी अशा सरळ गेल्या की बघत राहावं. तूर वर आली, दोन पानांवर आली. आणि आर्द्रा नक्षत्रात एका दुपारी पाऊस आला.

फार मोठा नव्हता तो. गाव त्या पावसाला आजही नाव ठेवत नाही, कारण गावाचं त्यात काही गेलं नाही. आदल्या वर्षी असे कितीतरी आमच्या माळावर पडून मुरले होते. तेव्हा थेंब दगडावर फुटायचा, पाणी दगडाला अडखळत, वळसे घेत, रमत खाली जायचं. आता त्याला अडवायला कुणी नव्हतं. पाणी सारवलेल्या रानावरून सरळ निघालं, आणि जाताना माती घेऊन निघालं. आम्ही रानातल्या खोपीच्या तोंडाशी उभे. वगळातून तांबडं पाणी असं जात होतं की बापानं एकदा हात पुढं केला, जनावर सुटलं की आपण करतो तसा. मग त्यानं तो हात तसाच खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी उतारावर मुरूम उघडा पडला होता, कुठं कुठं खालचा जांभासुद्धा. खरवडलेल्या कढईसारखं रान. पाऊल टाकलं की करकर वाजायचं. आणि खाली, अंकुशरावांच्या हद्दीत, आमच्याच दगडांच्या तालीला टेकून आमची माती बसली होती. गुडघाभर, मऊ, सपाट. तिच्यात आमची तूर, दोन पानांची, काही आडवी, काही चक्क उभी.

आई घरी गेली, टोपली घेऊन आली, खाली उतरली आणि हातानं माती भरायला लागली. एक टोपली तिनं वर नेऊन ओतली. दुसरी भरत होती तेव्हा अंकुशराव आले.

"भागाबाई, काय करायलीस?"

"माती न्यायलेय."

"कुणाची?"

आईनं वर बघितलं. "तुमाला ठावं न्हाई कुणाची ते?"

"पाण्यानं आणलीय, बाई. म्या आणली न्हाई," अंकुशराव शांतपणे म्हणाले. "पाणी ज्याच्या बांधात थांबलं, गाळ त्याचा. तुज्या-माज्या बापापासनं ह्येच चालत आलंय. आज तू टोपली भरून नेलीस तर उद्या गाव म्हणंल, भागाबाई माती चोरायली."

"मग दगडं तरी द्या माजी."

"दगडं द्यायला ताल काढावी लागंल. मग माजं रान वाहून जाईल की."

'माझं रान' म्हणताना त्यांचं बोट त्या तांबड्या मातीकडं होतं. बाप मधे उभा होता. मला वाटलं आता तरी बोलेल. तो म्हणाला, "भागा, चल वर."

पटवारी बसलिंगप्पाकडं मीच गेले. तो बिचारा वर चढून आला, उन्हात घामाघूम झाला, इकडं तिकडं फिरून हद्दीच्या खुणा बघितल्या. म्हणाला, "अक्का, चार एकर होतं, चार एकर आहे. कमी काय झालं?" मी म्हटलं, माती. तो म्हणाला, माती मोजायचं कलम नाही. तो वाईट माणूस नव्हता. खरंच नव्हतं कलम.

त्या वर्षी आमच्या माळावर तूर तर सोडाच, कुसळीचं गवतसुद्धा धड आलं नाही. पाऊस पडला की धुऊन जायचा, ऊन पडलं की मुरूम तापायचा. आई आणि मी मजुरीला लागलो. मजुरी कुठं, तर ज्याच्याकडं खुरपण होतं त्याच्याकडं. अंकुशरावांच्या तालीमागच्या तुकड्यात त्यांनी मागाहून तूर पेरली होती आणि ती माझ्या डोक्याच्या वर गेली होती. खाली काळी, वर तांबडी. ओल धरायला काळी, निचऱ्याला तांबडी. असलं रान पंचक्रोशीत दुसरं नव्हतं.

राजूबाई बांधावर बसून पान लावत होत्या. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, गप्पा मारायच्या म्हणून बोलल्या. "आमच्याकडलं माणूस लई दिसांपासनं म्हणत होतं बग विमल. त्या माळाची माती एकदा खाली आली पायजे, सोनं व्हईल. दगडानं धरून ठिवलीय, म्हणायचे."

माझं खुरपं हातात राहिलं. मी विचारलं, "कवापासनं म्हणत होते?"

"त्ये तुमाला जमीन मिळायच्या बी आदीपासनं."

म्हणजे आमच्या दगडावर बसून, आमच्या कपातून चहा पिताना त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. मला राग आला, अजून येतो. आयत्या पिठावर रेघोट्या मारणारे पुष्कळ बघितलेत. यानं दळायलासुद्धा आम्हांलाच लावलं होतं.

बापाला मी हे सांगितलं नाही. तो तेव्हा जो भेटेल त्याला म्हणायचा, "दैव देतं अन् कर्म नेतं. माजंच चुकलं, म्याच दगडं काढली." आपल्या जमिनीत आपण आपल्या हातानं चूक केली, एवढी तरी मालकी त्याच्याकडं उरली होती. ती मी कशी काढून घेऊ? आईला सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फळीवरचा तो कप खाली काढून कोंबडीच्या पिल्लांना पाणी प्यायला ठेवला.

पाडवा आला. सकाळी बापानं पटका बांधला, सोडला, पुन्हा बांधला. आई चुलीपुढून उठली नाही. मी बरोबर गेले. का गेले माहीत नाही. कासरे परत देताना होते, म्हणून घेतानाही असावं असं वाटलं असेल.

अंकुशराव ओट्यावर बसले होते. बाप दारात उभा राहिला.

"मालक," तो म्हणाला.

"ये ज्ञानोबा," ते म्हणाले. हसले नाहीत, टोमणा मारला नाही. "म्या म्हणलंच हुतं, दार उघडंच हाय. तालीमागला तुकडा औंदा तूच बग. तुज्या हाताखालची माती हाय, तुला कळंल तिचं."

कासरे त्याच खुंटीला होते. बापानं ते स्वतःच काढून घेतले आणि त्याच दिवशी औत धरलं. दिवसभर त्यानं आपल्याच मातीत मालकाचे बैल हाकले.

संध्याकाळी तो घरी आला. आई तांब्या भरून दारातल्या फरशीपाशी उभी होती, रोजच्यासारखी. बापानं पाय पुढं केला आणि आईचा हात थांबला. जन्मभर या माणसाचे पाय काळ्या मातीनं माखून आले होते, ती तिनं न बघता धुतली होती. आज घोट्यापर्यंत तांबडी माती होती.

"हितं नगं," आई म्हणाली.

"मग?"

"वर चल. आपल्या रानात धू. तेवढी तरी ऱ्हाईल."

बाप दमला होता, पण नाही म्हणाला नाही. आम्ही तिघं उतार चढलो. आई तांब्यावर हात धरून चालत होती, पाणी सांडू नये म्हणून. रानाच्या मध्यावर बाप उभा राहिला, आईनं पाणी घातलं, त्यानं पायावर पाय घासला. तांबडं पाणी उघड्या मुरमावर पडलं, जरासं थबकलं, आणि मग उतार धरून निघालं. वाटेत एक दगड नव्हता. ते वगळात उतरलं आणि तालीच्या दिशेनं गेलं.

आई तांब्यातलं राहिलेलं पाणी घालायला वाकली. बापानं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे भागा," तो म्हणाला. "ही बी तिकडंच जायलीय."